आर्लिसला येणारा वास

७ जानेवारी, रविवार

शाळेच्या बॉयलरखोलीत एकतीस वर्षं मी रोज सकाळी वहीत नोंद केली. दाब किती, पाणी किती, काय बिघडलं, काय केलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी काही बिघडलं की हात आपोआप वहीकडे जातो. म्हणून ही नवी वही.

बिघडली आहे ती घरगाडी. नोव्हेंबरात मिनेसोटातलं घर विकून ही बावीस वर्षांची जुनी मोटरहोम घेतली. घर विकायचं आर्लिसच्या मनात नव्हतं, पण दर हिवाळ्यात बर्फ उपसून माझी पाठ गेली होती, शेवटी ती तयार झाली. गाडीचा आधीचा मालक वारला. त्याच्या बायकोने चाव्या हातात ठेवताना एवढंच सांगितलं की गॅसचं सगळं तेच बघायचे. आता मी बघणार.

हिवाळ्यात घरगाड्या जमतात त्या क्वार्टझाइटच्या वाळवंटात मुक्काम ठोकून तीन दिवस झाले. इथे नळ नाही, विजेची तार नाही. शेगडी, ओव्हन, हीटर आणि फ्रीजसुद्धा गाडीखालच्या प्रोपेनच्या टाकीवर चालतो. फ्रीज गार होत नव्हता आणि शेगडीची ज्योत पिवळी, मरतुकडी. आर्लिस म्हणाली, कोणा जाणत्याला बोलाव. मी म्हटलं, आठशे पोरांना एकतीस वर्षं ऊब दिली, एका बायकोला देता येणार नाही का?

दोष सापडला. टाकीचा कॉक मी झटक्यात उघडत होतो. तसं केलं की आतली सुरक्षेची झडप गळती समजून अर्धी मिटते. कॉक बंद केला, पाच मिनिटं थांबलो, मग गोगलगायीच्या गतीने उघडला. ज्योत निळी झाली. आर्लिसने टाळ्या वाजवल्या. जरा थट्टेनेच, पण वाजवल्या.

९ जानेवारी, मंगळवार

आर्लिसला गॅसचा वास येतो म्हणे. सडक्या कोबीसारखा. मी स्वयंपाकघरात उभा राहून चांगला दीर्घ श्वास घेतला. काही नाही.

तरी जबाबदारी ती जबाबदारी. भांडी घासायच्या साबणाचा फेस करून टाकीपासून गाडीत नळी शिरते तिथपर्यंत प्रत्येक सांध्यावर ब्रशने लावला. रेग्युलेटरच्या सांध्याला खरंच बुडबुडे आले. पाना घेऊन आवळला, बुडबुडे थांबले. तिला बाहेर नेऊन दाखवलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आत आल्यावर ती सिंकखाली वाकली आणि म्हणाली, अजून येतोय. मी म्हटलं, राहिलेला असेल, जाईल.

कॉफीची नवी पिशवी अगदीच टाकाऊ निघाली. नुसतं गरम पाणी.

१० जानेवारी, बुधवार

फ्रीज चार अंशांवर. फर्स्टक्लास. दुपारी पोट बिघडलं. आर्लिस म्हणते दूध नासलं होतं, दारातून वास येत होता, तू प्यायलास कसा? बर्फासारख्या फ्रीजमधलं दूध नासेल कसं, हे तिने मला समजावून सांगावं.

१२ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सातला गॅसचा अलार्म कोकलायला लागला. आर्लिस अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पळाली आणि बाहेरून माझ्या नावाने ओरडत राहिली. मी आत हुंगून बघितलं. काही नाही. बटण दाबून गप्प केला, तर दहा मिनिटांनी पुन्हा सुरू.

आमच्या पलीकडे डेल्मर म्हणून एक जण असतो. इथल्या मुक्कामाचा स्वयंघोषित मिस्त्री, बारा हिवाळे इथे काढलेला. त्याने सांगितलं की बॅटरी उतरली की हे अलार्म असेच बोंबलतात, केसांवर मारायच्या फवाऱ्यानेही बोंबलतात. आणि आर्लिसने काल केसांना फवारा मारलाच होता. झालं.

पण खरी गंमत मला नंतर दिसली. अलार्म बसवला होता दाराजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर. घोट्याजवळ! गॅस वर जातो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. आमच्या बॉयलरखोलीत सगळे अलार्म छताला होते. आधीचा मालक गॅसचं बघायचा ते हे असं. मी तार वाढवून घेतली आणि अलार्म छताजवळ नीट चार स्क्रूंनी बसवला. तेव्हापासून चकार शब्द नाही.

१५ जानेवारी, सोमवार

आज भांडण झालं. लिहायची इच्छा नाही, पण नोंद ती नोंद.

आर्लिस गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. एकदम म्हणाली, "लोवेल, इथे ये. इथे खाली ये." मी गेलो, उभ्याने हुंगलं, काही नाही म्हणालो. ती म्हणाली खाली वाक. माझा डावा गुडघा लोखंडाचा, उजव्याची पाळी आलेली, हे तिला माहीत आहे. कमरेत वाकलो तेवढा वाकलो. काहीच नाही.

"तुला खरंच येत नाही?" तिने विचारलं.

मी म्हटलं, बाई, या नाकाने मी शाळेच्या व्यायामशाळेतली गॅसगळती गॅस कंपनीच्या माणसाच्या यंत्राआधी पकडली आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. त्यावर तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर कडाक्याची थंडी, आत हीटर चालू, आणि खिडक्या उघड्या. म्हणजे मी गॅस जाळून वाळवंट गरम करायचं. चढ्या आवाजात बोललो. मग तिची आई मध्ये आली. मीच आणली.

तिच्या आईची बुद्धी जायला लागली ती अशीच. आधी घरात केस जळल्याचा वास यायचा. कुठेच काही जळत नसायचं. दोन वर्षांनी तिला आर्लिस कोण तेही कळेना. मी एवढंच म्हटलं की आईलाही असाच वास यायचा, आठवतं ना. काळजीपोटी म्हटलं. आर्लिस फडकं तिथेच टाकून बाहेर खुर्चीत जाऊन बसली.

रात्रीची राजमा-खिम्याची चिली अगदी मिळमिळीत झाली होती. मी वरून मिरचीचा सॉस अर्धी बाटली ओतला. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हाताची चव गेली आहे. हेही लिहून ठेवतो, डॉक्टरला सांगायला बरं.

१६ जानेवारी, मंगळवार

खिडक्या उघड्या. मी कोट घालून जेवलो.

१८ जानेवारी, गुरुवार

आज लाज गेली.

इथे रोज चारच्या ठोक्याला सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन गोल करून बसतात. कोणी काही खायला आणतं, कोणी प्यायला. आजचा गोल आमच्या दारात होता. लुएला आली होती. वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं ट्रक चालवलेला, तोंडात सिगरेट, आणि तोंड तर त्याहून तिखट. मला आवडते ती. गप्पा मारता मारता ती आमच्या पायरीवर चढली, ताटली आत ठेवायला म्हणून. आर्लिस कुठून आली कळलंच नाही. तिने लुएलाच्या हातावर अशी चापट मारली की सिगरेट वाळूत जाऊन पडली आणि तिच्यामागे बटाट्याचं सॅलडही.



"माझ्या दारात नाही," आर्लिस म्हणाली. "आत गॅस आहे."

लुएला काही भित्री नाही. तिने सिगरेट पायाने विझवली, आत डोकावली आणि म्हणाली, "पोरी, माझं नाक रेगन अध्यक्ष होता तेव्हाच मेलं. मला विचारून उपयोग नाही. तू तुझ्या नवऱ्याला विचार."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आत गेलो, सगळ्यांच्या देखत हुंगलं, बाहेर आलो आणि मान हलवली. आर्लिसने माझ्याकडे जे बघितलं ते मला नीट लिहिता येत नाही. राग नव्हता. रागाची मला सवय आहे.

लुएला जाताना माझ्या कानात म्हणाली, बायकोला हसण्यावारी नेऊ नकोस, बायकांचं नाक कुत्र्यासारखं असतं. उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातं?

१९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी शांतपणे बोललो. मी अजिबात आवाज चढवला नाही. तिला म्हटलं, साबण लावून झाला, सांधा आवळून झाला, अलार्म गप्प आहे, मला वास नाही. चारातल्या चार गोष्टी नाही म्हणतात. एक तू हो म्हणतेस. तूच सांग, मी शाळेत असतो तर कोणाचं खरं धरलं असतं?

ती म्हणाली, "आईलाही असंच वाटत असणार ना? की बाकी सगळे चुकताहेत."

मग रडली. मी तिला जवळ घेतलं. बेचाळीस वर्षांत ती माझ्यासमोर चार वेळा रडली असेल. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, कारण निदान आता दोष कुठे आहे ते कळलं होतं. युमाला स्मृतीच्या आजारांचे एक डॉक्टर आहेत, त्यांची तीस तारखेची वेळ मिळाली. तिने एवढंच सांगितलं की तोवर गोलात कोणाला कळू देऊ नकोस.

पावाचे तुकडे भाजायला ठेवून बोलत बसलो होतो, ते पार कोळसा झाले. खोलीभर धूर दिसायला लागला तेव्हा माझं लक्ष गेलं. तिचं आधीच गेलं होतं म्हणे, पण ती म्हणाली, मला वाटलं हेही माझ्या डोक्यातच असेल.

२२ जानेवारी, सोमवार

डेल्मर दाबमापक घेऊन आला. शेगडीला मापक लावायचं, टाकीचा कॉक बंद करायचा आणि काटा पडतो का ते बघत दहा मिनिटं थांबायचं. पडला तर कुठेतरी आत गळती. लुएलाने त्याला पाठवलं होतं हे उघड होतं. जाता जाता असंही म्हणाला की प्रोपेन जड असतो, खाली साचतो, तू अलार्म वर का नेलास?

मी म्हटलं, डेल्मर, तू विमा विकायचास ना? तो हो म्हणाला. मी म्हटलं, मग मी तुला विमा शिकवत नाही.

जरा जास्तच बोललो. पण आता परीक्षा घ्यायची म्हणजे आर्लिसच्या मनात पुन्हा तेच भरवायचं. तीन दिवस झाले, तिने वासाचं नाव काढलेलं नाही. खपली धरलेली जखम कोणी उकरतं का? डेल्मर मापक पिशवीत घालून गेला.

ओव्हनखालचा लोखंडी तव्यांचा खण पुन्हा नीट बसेना. पाय मारूनच बंद करावा लागतो.

२४ जानेवारी, बुधवार

छान दिवस. आर्लिस शांत आहे. खिडक्या उघडत नाही. मी म्हटलं होतं की डॉक्टरकडे जाईपर्यंत नको उघडूस, तर तिने ऐकलं. गॅसही किती वाचतोय.

फक्त एवढंच की ती दिवसभर बाहेर खुर्चीत बसते. आत येताना दारात क्षणभर थांबते, चौकट धरते, आणि मग पाण्यात उतरावं तशी श्वास धरून आत येते. विचारलं तर म्हणते काही नाही. संध्याकाळी तिचं डोकं दुखतं. मी तिचे पाय चेपून दिले. म्हातारपणी आम्ही एकमेकांना असे सांभाळून घेतोय, हे बघून मला बरं वाटलं.

२६ जानेवारी, शुक्रवार

काल सकाळपासून उत्तरेचा वारा. वाळू उडते म्हणून काल दुपारपासून गाडी गच्च बंद. मी गाडीच्या आडोशाला ऊन धरून बाहेर बसलोय आणि हे लिहितोय. रात्री लुएलाकडे पत्ते खेळलो आणि तिच्याच गाडीत झोपलो, कारण वाऱ्यात परत येणं जिवावर आलं होतं. आर्लिसनेच तिथे राहूया म्हणून आग्रह केला.

आत्ताच आलो. मक्याचा पाव करायचा बेत आहे. आर्लिसने दार उघडलं आणि पायरीवरच थांबली. मला हसू आलं, पण मायेनेच विचारलं, "काय ग, येतोय का वास?"

तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तू सांग," म्हणाली.

मी आत डोकं घालून मोठा श्वास घेतला. स्वच्छ. "नाही," म्हटलं.

"मग नाही," ती म्हणाली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज येतोय. मला वाटतं ती बरी होते आहे. तीस तारखेला डॉक्टर काय म्हणतात बघू, कदाचित औषधाचीही गरज लागणार नाही. हा ओव्हन जुन्या तऱ्हेचा, गुडघ्यांवर बसून खालून काडी लावून पेटवावा लागतो. मला बसता येत नाही, म्हणून ते काम तिचं.

४ फेब्रुवारी, रविवार

फिनिक्स. भाजलेल्यांचा विभाग. आर्लिसला बाहेर ओढताना भाजलेले माझे हात पट्ट्यांनी बांधलेले आहेत, उजव्याची तीन बोटं मोकळी, त्यांनी लिहितोय.

आर्लिस जिवंत आहे. हे आधी लिहायला हवं होतं. चेहरा, मान, दोन्ही हात. डोळे वाचले. अजून दोन शस्त्रक्रिया आहेत, आणि डॉक्टर जेव्हा जेव्हा "आशा" म्हणतात तेव्हा जमिनीकडे बघतात.

मला परवा कळलं. नर्स माझ्या हातांचं ड्रेसिंग बदलत होती आणि म्हणाली की या मलमाचा वास फार उग्र आहे, तोंड फिरवलंत तरी चालेल. मी म्हटलं, कसला वास? ती थांबली. मग तिने माझे डोळे मिटायला लावले आणि नाकासमोर एकेक गोष्ट धरली. स्पिरिट. संत्र्याची साल. कॉफी. मी विचारत राहिलो, धरलं का? ती म्हणाली, केव्हाच धरलंय. ऑक्टोबरात मला लांबलेली सर्दी झाली होती, तेव्हापासून असेल म्हणतात. किती तरी जणांचं असं होतं आणि त्यांना कळतही नाही. मी रात्रभर कॉफी, दूध, चिली, टोस्ट असं एकेक मोजत पडलो होतो.

आज अग्निशमन खात्याची तपासनीस आली होती, ओचोआ नावाची तरुण बाई. तिने मला चाकाच्या खुर्चीत घालून आर्लिसच्या खोलीत नेलं, दोघांशी एकदमच बोलायचं म्हणून. सांगितलं की तव्यांच्या खणामागे शेगडीची तांब्याची नळी होती. खण मागे आदळून आदळून ती चेपली आणि चिरली. गॅस जमिनीवर गुडघाभर साचला होता, काडी ओढताच भडकला. अलार्म छताला का होता, हे तिने विचारलं. मी म्हटलं, मी लावला. तिने लिहून घेतलं.

मग तिने आर्लिसला विचारलं, "तुम्हाला आधी कधी वास आला होता का?"

आर्लिसने बांधलेली मान सावकाश माझ्याकडे वळवली. "लोवेलला विचारा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झालाय. "माझ्या नाकावर जाऊ नका. आमच्या आईचं झालं होतं तसं झालंय माझं."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिला नऊ तारखेपासून वास येत होता, रोज येत होता, ती बरोबर होती, आणि मला कसलाच वास येत नाही. मीच तिला खोटं पाडलं, सगळ्यांच्या देखत पाडलं. बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि डोळे पुसायला हात नव्हते.

आर्लिस ऐकत होती. मग तिच्या डोळ्यांत ती माया आली, जी मी तिच्या आईला बावळटासारखा धीर द्यायचो तेव्हा माझ्याकडे बघताना यायची. ओचोआबाईंना ती हळूच म्हणाली, "हा असाच आहे. मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेतोय."

मी म्हटलं, आर्लिस, खरं सांगतोय. नर्सला विचार. डॉक्टरला विचार.

"हो रे," ती म्हणाली. "रडू नकोस. चूक माझीच. काडी ओढायच्या आधी मी तुला परत एकदा विचारायला हवं होतं."